अंडं फुटलं का, हे आधी ठरू द्या

वाचकांचे प्रश्न : स्त्रीरोगतज्ज्ञ आणि हार्मोनतज्ज्ञांची उत्तरं

हार्मोनच्या बिघाडामुळे दिवस न राहणं, या विषयावरची किनारपट्टीवरून आलेली पत्रं या वेळी घेतली आहेत. पत्रांतली नावं छापलेली नाहीत. उत्तरांत दिलेले गोळ्यांचे डोस समजून घेण्यासाठी आहेत. चिठ्ठीवर काय लिहायचं ते तुम्हाला तपासणारे डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न : वय २७, गुहागर तालुका. लग्नाला अडीच वर्षं झाली. पाळी दीड-दोन महिन्यांनी येते, सोनोग्राफीत पीसीओडी निघालं. चार महिने लेट्रोझोल ही अंडं वाढवायची गोळी घेतली. त्यातल्या दोन महिन्यांत अंडं फुटलं असं डॉक्टर म्हणाल्या, पण राहिलं नाही. मिस्टर मुंबईला नोकरीला आहेत. गणपतीला, शिमग्याला आणि अधूनमधून एखाद्या शनिवारी येतात. घरचे म्हणतात, पोटात गाठी आहेत तोवर काही होणार नाही, त्या काढून घे. त्यातच ही गोळी कॅन्सरची आहे असं मोबाईलवर वाचलं. पुढे काय करू?

उत्तर : ताई, ज्या दोन महिन्यांत अंडं फुटलं, म्हणजे स्त्रीबीज अंडाशयातून बाहेर पडलं, त्या दिवसांत मिस्टर घरी होते का? फाईल काढा आणि तारखा ताडून बघा. ते मुंबईत असतील तर ते दोन महिने ‘उपचार फसला’ या हिशोबात धरायचेच नाहीत. स्त्रीबीज फुटल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. पुरुषबीज मात्र आत ३ ते ५ दिवस जिवंत राहू शकतं. म्हणून अंडं फुटण्याआधीचे दोन-तीन दिवस आणि तो दिवस, एवढीच खरी वेळ. सगळं सुरळीत असलेल्या तरुण जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता चार-पाचात एक एवढीच असते.

आता गाठींचं. पीसीओडी किंवा पीसीओएस म्हणजे हार्मोनच्या बिघाडामुळे अंडं वेळेवर न फुटणं. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेत. २ ते ९ मिलिमीटरची, अर्धवट वाढून थांबलेली बीजं पाण्याच्या फुग्यांसारखी अंडाशयाच्या कडेला दिसतात. एका अंडाशयात अशी २० किंवा जास्त असली, किंवा अंडाशयाचं आकारमान १० मिलीच्या पुढे गेलं, की रिपोर्टवर ‘पॉलिसिस्टिक’ असं लिहितात. त्या कापून काढण्यासारखं तिथे काही नसतं, आणि विनाकारण अंडाशयाला हात लावला तर चांगली बीजंही जातात. दुर्बिणीतून अंडाशयाला छिद्रं पाडण्याची शस्त्रक्रिया आहे, पण ती गोळ्यांनी अंडं फुटतच नसेल तेव्हाची. तुमचं फुटतंय.

लेट्रोझोल स्तनाच्या कॅन्सरमध्ये वापरतात हे खरं. तिथे ती रोज, वर्षानुवर्षं घेतात. इथे महिन्यातले पाच दिवस. शरीरातलं इस्ट्रोजेन काही दिवस खाली आलं की मेंदूतली ग्रंथी एफएसएच नावाचं हार्मोन जास्त सोडते आणि त्याने बीज वाढतं. गर्भ रुजेपर्यंत गोळी अंगातून निघून गेलेली असते. भारतात २०११ साली वंध्यत्वासाठी या गोळीवर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. अमेरिकेत ७५० पीसीओएस असलेल्या स्त्रियांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ साली आले. लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना मूल झालं, जुन्या क्लोमिफीनवर १९.१ टक्के. आज पीसीओएससाठी पहिली गोळी लेट्रोझोलच आहे.

मग अडतंय कुठे? आमच्या मते वेळापत्रकात. चाकरमान्यांच्या घरात हे नेहमी होतं : गोळी पाळीप्रमाणे चालते आणि नवरा रजेप्रमाणे येतो. हे उलटं करता येतं. गणपतीचं उदाहरण घ्या. समजा, मिस्टर चतुर्थीच्या आदल्या दिवशी येऊन गौरी-विसर्जनानंतर परतणार आहेत. त्या मुक्कामाचा मधला दिवस कॅलेंडरवर खूण करा आणि तिथून साधारण २५ दिवस मागे या. त्या दिवशी आधी लघवीची गर्भचाचणी करायची. ती नकारात्मक असेल तर पाळी आणणारी गोळी, म्हणजे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम, रोज एक, पाच दिवस. शेवटच्या गोळीनंतर दोन ते सात दिवसांत पाळी येते. पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस लेट्रोझोल. दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड आतून सोनोग्राफी. बीज १८ ते २० मिलिमीटर आणि गर्भाशयाचं अस्तर निदान ७ मिलिमीटर झालं की अंडं फोडणारं एचसीजीचं इंजेक्शन, ५ किंवा १० हजार युनिट. त्यानंतर ३६ ते ४० तासांनी अंडं फुटतं. इंजेक्शनचा दिवस आणि पुढचे दोन दिवस जवळ या.

यात दोन ठिकाणी गणित हलतं. पाळी दुसऱ्या दिवशी येते की सातव्या, हे सांगता येत नाही. आणि पीसीओएसमध्ये बीज सावकाश वाढतं. चौदाव्या दिवशी १२ मिलिमीटरच दिसलं म्हणून ‘या महिन्यात काही नाही’ असं म्हणून परत जाऊ नका. अठराव्या, विसाव्या दिवशीही ते तयार होऊ शकतं. त्यामुळे मुक्काम चारच दिवसांचा असेल तर नेम चुकण्याची भीती मोठी. याहून सरळ मार्ग असा : पाळी आली, गोळ्या गावीच सुरू केल्या, की नवव्या-दहाव्या दिवशी तुम्हीच मुंबईला जा. सोनोग्राफ्या तिथे करा, आठ-दहा दिवस राहा. गुहागर ते चिपळूण एक दिवसाआड खेपा घालण्याचा त्रासही वाचतो. फाईल आणि गोळी कोणत्या तारखेला, किती घेतली याची चिठ्ठी मात्र सोबत न्या. तेही जमत नसेल तर नोंदणीकृत केंद्रात वीर्य गोठवून ठेवून आययूआय, म्हणजे ते थेट गर्भाशयात सोडणं, करता येतं.

मेडिकलमध्ये मिळणारी अंडं फुटण्याची पट्टी तुमच्यासाठी भरवशाची नाही. ती एलएच, म्हणजे अंडं फुटण्याआधी चढणारं हार्मोन, पकडते, आणि पीसीओएसमध्ये एलएच बरेचदा मुळातच चढलेलं असतं, त्यामुळे पट्टी चार-चार दिवस ‘हो’ दाखवत राहते. एकविसाव्या दिवसाची प्रोजेस्टेरॉनची (अंडं फुटल्यावर वाढणाऱ्या हार्मोनची) तपासणीही २८ दिवसांच्या पाळीवाल्यांसाठी आहे. अंडं अठराव्या दिवशी फुटलं असेल तर रक्त पंचविसाव्या दिवशी द्यायचं. आकडा ३ नॅनोग्रॅमच्या वर आला की अंडं फुटलं हे पक्कं.

ज्या दोन महिन्यांत फुटलं नाही, तेव्हा डोस २.५ होता का तेही बघा. पुढे ५, मग ७.५ मिलिग्रॅमपर्यंत वाढवतात. अंडं फुटलंय आणि दोघं एकत्र होता, असे सहा महिने पूर्ण झाले तरच पुढची पायरी.

वजनाबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २३ च्या वर असेल तर पाच टक्के उतरलं तरी पाळी सुधारू शकते. ७० किलोवाल्या बाईसाठी ते साडेतीन किलो. भात बंद करायला कोकणात कुणी सांगू नये आणि सांगितलं तरी टिकत नाही. दोन्ही वेळचा भात एका वेळेवर आणा, तोही वाटीभर. दुसऱ्या वेळी नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी किंवा उसळ, बांगडा-तारली तव्यावर. उपचार सुरू करण्याआधी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांची साखर एकदा तपासा. उपाशीपोटीची साखर चांगली असूनही या तपासणीत मधुमेह सापडतो, आणि तो गरोदरपणाआधी सापडलेला बरा.

प्रश्न : देवगडहून. माझे उपचार चालू आहेत. घरी गणपती असतो, नैवेद्य माझ्याकडेच. दरवर्षी पाळी लांबवायच्या गोळ्या घेते. यंदा चालतील का?

उत्तर : अंडं फुटवण्याची गोळी घेतलेल्या महिन्यात आपल्या मनाने नको. या गोळीत नॉरएथिस्टेरॉन असतं, ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पाळीच्या तीन दिवस आधीपासून. ज्यांची पाळीच अनियमित, त्यांना ‘तीन दिवस आधी’ कळणार कसं? मग धास्तीने पंधरा-पंधरा दिवस गोळ्या जातात. अंडं फुटण्याआधी सुरू झाल्या तर ते फुटणंच थांबू शकतं. फुटल्यानंतर घेतल्या आणि दिवस राहिले असले, तर ‘गोळीमुळे पाळी लांबली’ असं वाटून गर्भ लक्षातच येत नाही, आणि त्या काळात हे औषध पोटात जायला नको असतं.

सोनोग्राफीत अंडं फुटल्याचं दिसलं असेल तर डॉक्टरांना सणाची तारीख सांगा. त्या नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन लिहून देऊ शकतात. ते गर्भाला चालतं आणि बहुतेकींची पाळीही तेवढे दिवस थांबते. नाहीतर त्या महिन्यात उपचार थांबवा, गर्भचाचणी करून लांबवायची गोळी घ्या आणि पुढच्या पाळीपासून पुन्हा सुरुवात करा. पायाची शीर गोठण्याचा त्रास कधी झाला असेल तर तीही नको. गोळी थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत जे रक्त जातं ते गोळी सुटल्याचं असतं. ‘पाळी आली म्हणजे अंडं फुटलं’ असं त्यावरून धरू नका.

प्रश्न : मालवण. वय ३०. थायरॉईडचं टीएसएच ६.८ आणि दूध आणणारं हार्मोन प्रोलॅक्टिन ४२ आलं, दोन्ही जास्त. प्रोलॅक्टिनसाठी गोळी लिहून दिली आहे, अजून सुरू केली नाही. ॲसिडिटीची कॅप्सूल रोज चालू असते. आठवड्यातले पाच दिवस मासे खातो, मग थायरॉईड कसा बिघडला?

उत्तर : घरातली कॅप्सूलची पट्टी आधी हातात घ्या आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या जोडीला डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराईड लिहिलं आहे का? असेल तर तुमचं प्रोलॅक्टिन त्यानेच चढलेलं असू शकतं. ही दोन्ही औषधं मेंदूतल्या डोपामिनची वाट अडवतात, आणि प्रोलॅक्टिनला लगाम घालतं ते डोपामिनच. नुसतं पॅन्टोप्राझोल असलेली कॅप्सूल मागून घ्या, तीन-चार दिवसांनी रक्त पुन्हा द्या. सकाळी उठल्यावर दोन-तीन तासांनी, लॅबमध्ये अर्धा तास शांत बसून. एसटी पकडून धापा टाकत पोचलात आणि लगेच सुई टोचली तर आकडा चढलेलाच येतो. मनोविकाराची औषधं चालू असतील तर ती मात्र स्वतःहून बंद करायची नाहीत.

दुसरं कारण थायरॉईड. थायरॉईड मंदावला की मेंदू त्याला जागं करायला टीआरएच जास्त सोडतो आणि त्याच टीआरएचने प्रोलॅक्टिनही वाढतं. म्हणून क्रम असा : आधी थायरॉईड, मग प्रोलॅक्टिन. पुन्हा तपासूनही चढलेलंच राहिलं तर मॅक्रोप्रोलॅक्टिन बघायला सांगा. ते रक्तात असतं पण काम करत नाही, त्यावर औषध लागत नाही. १०० च्या पुढे गेलं तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा एमआरआय करावा लागतो. खरंच औषध लागलं तर कॅबरगोलिन आठवड्यातून दोनदा, पाव मिलिग्रॅमपासून. ते जेवून, झोपताना घ्या, नाहीतर मळमळ आणि चक्कर येते.

माशांत आयोडीन असतं आणि मीठही आयोडीनचंच येतं. तुमच्याकडे तुटवडा आयोडीनचा नाही. बहुतेक वेळा शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती थायरॉईडवर उलटलेली असते. ॲन्टी-टीपीओ तपासणीत ते कळतं. समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेऊन आयोडीन वाढवायला जाल तर उलट बिघडेल.

थायरॉक्सिन (थायरॉईडची गोळी) सुरू झालं की सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, आणि चहा निदान अर्ध्या-पाऊण तासाने. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी त्यानंतर चार तासांनी. आपल्याकडे पावसात एक गोष्ट हमखास होते : शंभर गोळ्यांची बाटली फ्रीजवर किंवा चुलीशेजारच्या फळीवर उघडी राहते, नाहीतर गोळ्या प्लास्टिकच्या डबीत ओतून ठेवतात. ही गोळी दमट हवेने आणि उष्णतेने उतरते. मूळ बाटलीत, आतल्या पुडीसकट, घट्ट झाकण लावून कपाटात ठेवा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, त्याने थायरॉईडचे आकडे खोटे येतात. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा. दिवस राहण्याच्या तयारीत ते २.५ च्या खाली आणतात. आणि दिवस राहिल्याचं कळलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गोळी चालू असलेल्यांना साधारणपणे आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या लगेच सुरू करतात. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका. तेव्हा मासेही चालतील, फक्त मुशी टाळा. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो.

प्रश्न : राजापूरहून. माझी थायरॉईड, साखर, सगळी तपासणी झाली. ट्यूबच्या (गर्भनलिकांच्या) एक्स-रेची तारीखही घेतली आहे. मिस्टरांची तपासणी आधी करावी का? ते तयार नाहीत.

उत्तर : हो, आधी. ती सगळ्यात स्वस्त आणि विनावेदना तपासणी आहे, तुमची ट्यूबची तपासणी दुखते. दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून नमुना द्यायचा आणि शक्यतो लॅबमध्येच. घरून नेला तर तासाभरात पोचला पाहिजे, शरीराशी धरून, उन्हात किंवा बर्फात नाही. गावाहून दीड तास लागत असेल तर तो नमुना ‘खराब’ येणार आणि घरात उगाच रडारड होणार. एक रिपोर्ट वाईट आला तर काही आठवड्यांनी दुसरा करतात. ताप येऊन गेला असेल तर तीन महिने थांबून. पुरुषबीजांची संख्या मिलीमागे १६ दशलक्ष आणि एकूण हालचाल ४२ टक्के ही खालची मर्यादा आहे. तुमची ट्यूबची तपासणी पाळी थांबल्यावर, दहाव्या दिवसाच्या आत. तासभर आधी वेदनाशामक घ्या.

प्रश्न : दापोलीहून. सूनबाई ३१ वर्षांची. आठ महिने पाळी नाही. एफएसएच ५८ आलं, महिन्याने पुन्हा केलं तर ६१. गावातले वैद्य म्हणतात काढ्याने पाळी येईल.

उत्तर : काकू, हे पीसीओडी नाही. अंडाशयातली बीजं वेळेआधी संपत आल्याची ही खूण आहे. चाळिशीच्या आत एफएसएच २५ च्या वर गेलं की तसं धरतात. काढ्याने किंवा गोळीने रक्त दिसलं तरी बीज तयार होणार नाही. आपोआप दिवस राहणं शंभरात पाच-दहा जणींनाच घडतं, म्हणून खोटी आशा लावणार नाही. गुणसूत्रांची आणि थायरॉईडची तपासणी करून घ्या. मूल हवं असेल तर दात्या स्त्रीचं बीज घेऊन आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करणं, हा मार्ग आहे. अशा उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे दाती २३ ते ३५ वर्षांची आणि नोंदणीकृत बँकेमार्फतच हवी. मूल हवं की नाही हा निर्णय नंतरचा. हार्मोनच्या गोळ्या मात्र तिला आत्ताच लागतील, साधारण पन्नाशीपर्यंत, कारण इस्ट्रोजेन नसेल तर हाडं ठिसूळ होतात आणि हृदयाला धोका वाढतो. हे पत्र तिलाही वाचू द्या, आणि डॉक्टरांकडे जाताना बोलणं तिलाच करू द्या.

प्रश्न : सावंतवाडी. वय २९, पीसीओएस, एएमएच (शिल्लक बीजांचा अंदाज देणारी तपासणी) ९.२. ट्यूब मोकळ्या, मिस्टरांचा रिपोर्ट चांगला. दोन महिने गोळ्या झाल्या आणि कोल्हापूरच्या एका केंद्रात थेट आयव्हीएफ सुचवलं. इंजेक्शनं घरी घ्यायची आहेत, इकडे पावसात लाईट जाते.

उत्तर : तुमच्या माहितीवरून आयव्हीएफची घाई दिसत नाही. सहा महिने अंडं फुटूनही राहिलं नाही, तर एफएसएचची कमी मात्रेची इंजेक्शनं, ३७.५ ते ७५ युनिटपासून, सोनोग्राफीच्या नजरेखाली देतात. दोनपेक्षा जास्त मोठी बीजं झाली तर तो महिना सोडून द्यायचा, जुळं-तिळ्याची जोखीम घ्यायची नाही. आयव्हीएफ त्यानंतर. एएमएच ९.२ म्हणजे बीजं भरपूर आहेत, घड्याळ तुमच्या विरुद्ध धावत नाही.

तरीही आयव्हीएफ ठरलंच, तर केंद्राला तीन गोष्टी विचारा : ॲन्टॅगोनिस्ट (अंडं वेळेआधी फुटू न देणाऱ्या इंजेक्शनांची) पद्धत वापरणार का, शेवटचं इंजेक्शन एचसीजीऐवजी ॲगोनिस्टचं देणार का, आणि सगळे गर्भ गोठवून पुढच्या महिन्यात सोडणार का. पीसीओएसवालीला अंडाशय फुगून पोटात पाणी होण्याचा धोका सगळ्यात जास्त. या तिन्ही गोष्टींनी तो पुष्कळ खाली येतो. केंद्राचं २०२१ च्या कायद्याखालचं नोंदणीपत्रही बघायला मागा.

इंजेक्शनं २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, तिथे हवा सतत बदलते. बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलेलं इंजेक्शन फेकायचं, वितळवून घ्यायचं नाही. लाईट गेली तर फ्रीज उघडू नका, बंद फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो. त्यापुढे थर्माकोलचा डबा, तळाला बर्फाची पाकिटं, त्यावर जाड टॉवेलची घडी आणि इंजेक्शन स्टीलच्या नव्हे, प्लास्टिकच्या डब्यात. बर्फ थेट टेकता कामा नये. काही पेनं २५ अंशांखाली काही आठवडे बाहेर चालतात, आतला कागद वाचा. पण मे महिन्यात सावंतवाडीतली खोली २५ अंशांची नसते.

शेवटच्या इंजेक्शनची वेळ मिनिटांत पाळा. बीजं त्यानंतर ३५-३६ तासांनी काढतात. रात्री साडेनऊ सांगितलं आणि अकराला दिलं तर ऑपरेशनची वेळ चुकते. तासभर उशीर झाला तर लपवू नका, फोन करून सांगा, ते वेळ पुढे ढकलतात.

आणि पावसाळ्यात करत असाल तर शेवटच्या इंजेक्शनपासून निदान आठवडाभर कोल्हापुरातच राहा. रोज सकाळी वजन करा, बेंबीच्या रेषेत पोटाचा घेर टेपने मोजा, लघवी किती होते ते लक्षात ठेवा. दिवसात किलोभर वजन वाढलं, पोट टम्म झालं, लघवी कमी झाली, उलट्या किंवा धाप लागली तर रात्री किती वाजलेत ते न बघता दवाखाना गाठायचा. आंबोलीत दरड आलेली असताना हा प्रवास घरून सुरू करायची वेळ येऊ देऊ नका.